सामासिक शब्दांची अक्षररचना : पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील शब्दांच्या आधारे

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यावर तुम्हांला लिपीतील अक्षर आणि उच्चारातील अक्षर यांतील भेद स्पष्ट करता येईल. सामासिक शब्द उच्चारताना त्याचे तुकडे कोठे पडतात हे दाखवता येईल. आणि असा शब्द जोडून लिहावा की तोडून, याबाबत कारण देऊन मत मांडता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण समासाचे प्रकार पाहिले. अव्ययीभाव, तत्पुरुष, द्वंद्व आणि बहुव्रीही ही नावे पाठ झाली, विग्रह करता आला, की समास समजला असे आपण धरून चालतो. परंतु सामासिक शब्द प्रत्यक्ष उच्चारताना तोंडात काय घडते, हे विग्रह सांगत नाही. 'महानगर' या शब्दाचा विग्रह 'महान असे नगर' असा केला, तरी त्याचा उच्चार 'म-हान्-गर्' असा न होता 'म-हा-न-गर्' असाच का होतो, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत घटक त्या प्रश्नाचा आहे.

उदाहरणांसाठी आपण पुण्याच्या वायव्येचा आणि उत्तरेचा औद्योगिक पट्टा निवडला आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी या गावांच्या शिवारात कारखाने उभे राहू लागले. १९७० साली तेथे नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. पुढे उद्योगांची ही रांग इंद्रायणी ओलांडून चाकणपर्यंत गेली. गावांचे नगर होताना भाषेला शेकडो नव्या नावांची गरज पडली. मराठीने ती बव्हंशी एकाच मार्गाने भागवली : दोन शब्द एकमेकांना जोडून. कामगार, वेतनवाढ, रात्रपाळी, वाहननिर्मिती, लघुउद्योग, मोहननगर, कासारवाडी. अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण याच परिसरात पाळीवर काम करून शिकत असतील. हे शब्द त्यांच्या कानात आधीच आहेत. आपल्याला फक्त कानाला जे ठाऊक आहे, ते शब्दांत मांडायचे आहे.

४.२ लिपीतील अक्षर आणि उच्चारातील अक्षर

'अक्षर' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो आणि त्यामुळे घोटाळा होतो. लिपीच्या दृष्टीने 'क', 'का', 'क्र' ही प्रत्येकी एक अक्षरे. ध्वनिविचारात मात्र अक्षर म्हणजे एका स्वराभोवती गोळा झालेला, एका झटक्यात उच्चारला जाणारा ध्वनिगट. त्यातील स्वर हे अक्षराचे शिखर, शिखराआधीची व्यंजने हा आरंभ आणि नंतरची व्यंजने हा अंत. अंती व्यंजन नसेल तर अक्षर मुक्त, असेल तर बद्ध. 'मोशी' या गावनामात मो-शी अशी दोन मुक्त अक्षरे आहेत. 'वाकड' हे नाव लिहिताना तीन अक्षरे लागतात. उच्चारात मात्र वा-कड् अशी दोनच पडतात आणि दुसरे बद्ध असते.

याचे कारण मराठीतील अकाराचे वर्तन. शब्दाच्या शेवटी एकेरी व्यंजनाला चिकटलेला 'अ' आपण लिहितो, पण पूर्णपणे उच्चारत नाही. अशा अकाराला निभृत अकार म्हणतात. शब्दाच्या मध्येही असेच घडते. पिंपरी, भोसरी, निगडी, चिखली ही नावे पाहा. लेखनात प्रत्येकी तीन अक्षरे. उच्चारात पिंप्-री, भोस्-री, निग्-डी, चिख्-ली अशी दोन. 'पिंपरी'ऐवजी 'पिंप्री' असे लेखन कधीकधी दिसते, ते याच उच्चारामुळे.

मधला अकार केव्हा गळतो? ढोबळ नियम असा सांगता येईल : शब्दाच्या शेवटाकडून मागे येत जावे. अकाराच्या मागे एखादे अक्षर असेल आणि पुढे स्वरासह उच्चारले जाणारे एकेरी व्यंजन असेल, तर तो अकार गळतो. मात्र लागोपाठचे दोन अकार गळत नाहीत. 'करवत' या शब्दात शेवटच्या 'त'मधील अकार जातो, म्हणून 'व'मधील राहतो; तो राहिला म्हणून 'र'मधील जातो. उच्चार होतो कर्-वत्. 'अडचण', 'गडबड' हे शब्द याच पद्धतीने सोडवून पाहा.

४.३ समासाचा सांधा

आता हाच नियम 'उपनगर' या शब्दाला लावू. शेवटच्या 'र'चा अकार गेला, 'ग'चा राहिला, 'न'चा गेला, 'प'चा राहिला. नियमाने हाती आलेला उच्चार : उ-पन्-गर्. असे कोणी बोलत नाही. आपण उप्-न-गर् म्हणतो. 'महानगर' नियमाने 'म-हान्-गर्' व्हायला हवे, 'जलतरण' व्हायला हवे 'ज-लत्-रण्'. आपण म्हणतो म-हा-न-गर् आणि जल्-त-रण्. नियम चुकला का? नाही. नियम एका शब्दासाठी आहे आणि येथे शब्द दोन आहेत. मराठी भाषक समासातील प्रत्येक पदाची अक्षरे आधी स्वतंत्रपणे पाडतो आणि मग ती पदे शेजारी ठेवतो. पूर्वपदाच्या शेवटचा अकार शब्दाच्या शेवटी असल्याप्रमाणे गळतो. उत्तरपदाचे पहिले अक्षर शब्दाच्या आरंभी असल्याप्रमाणे शाबूत राहते. दोन पदे जेथे भेटतात त्या जागेला आपण सांधा म्हणू. अक्षरविभाग सांधा ओलांडत नाही, हे या घटकाचे मुख्य सूत्र आहे.

परिसरातील वस्त्यांची नावे या सूत्राची साक्ष देतात. यमुनानगर म्हणजे य-मु-ना-न-गर्, इंद्रायणीनगर म्हणजे इन्-द्रा-य-णी-न-गर्, काळभोरनगर म्हणजे काळ्-भोर्-न-गर्. पूर्वपद कोणतेही असो, 'नगर' आपली दोन अक्षरे सोडत नाही. 'वाडी'चेही तसेच. कासारवाडी (का-सार्-वा-डी), खराबवाडी (ख-राब्-वा-डी). चाकणजवळच्या नाणेकरवाडी आणि मेदनकरवाडी या नावांत तर तीन तुकडे आहेत. आधी 'कर' लागून आडनाव झाले, मग आडनावाला 'वाडी' जोडली गेली, ना-णे-कर्-वा-डी, मे-दन्-कर्-वा-डी. प्रत्येक जोडणीच्या जागी अक्षर बंद होते. नावाचा इतिहास उच्चारात असा थरांनी जपलेला आढळतो.

सांध्यावर दोन्ही बाजूंनी एकच व्यंजन आले तर? 'मोहननगर' उच्चारताना पहिला 'न्' अक्षर बंद करतो आणि दुसरा पुढचे उघडतो : मो-हन्-न-गर्. 'वाहननिर्मिती'मध्येही हेच : वा-हन्-निर्-मि-ती. उत्तरपत्रिकांत हा शब्द 'वाहनिर्मिती' असा लिहिलेला वारंवार आढळतो. ही निष्काळजीपणाची चूक आहे असे मला वाटत नाही. कानाला सलग लांब 'न्न' ऐकू येतो आणि हात एकच 'न' लिहितो. सांधा दाखवून दिला की चूक पुन्हा होत नाही. लाल शाईने ती सुधारत नाही.

पूर्वपदाच्या शेवटी जोडाक्षर असेल तर अकार गळत नाही, कारण त्याच्याविना व्यंजनांचा गट उच्चारणे अवघड जाते. 'दिवसपाळी' आणि 'रात्रपाळी' ही जोडी पाहा. लेखनात पहिल्या शब्दात पाच अक्षरे, दुसऱ्यात चार. उच्चारात दोन्हींत चारच : दि-वस्-पा-ळी, रात्-र-पा-ळी. 'दिवस'चा अकार गेला, 'रात्र'चा राहिला. बोलीत 'रातपाळी' म्हणणारा जोडाक्षरच काढून टाकतो आणि शब्द तीन अक्षरांवर आणतो. 'यंत्रमानव', 'यंत्रसामग्री' या शब्दांत 'यंत्र'चा अकार त्याच कारणाने टिकतो.

पुढे जाण्यापूर्वी 'महानगरपालिका' या शब्दाची उच्चारातील अक्षरे स्वतः मोजा. लेखनात ती आठ आहेत. उच्चारात सात आली तर तुमचे उत्तर बरोबर आहे. कोणता अकार गेला आणि तेथे सांधा आहे का, हेही लिहा.

४.४ प्रत्यय आणि पद यांतील फरक

एखाद्याला शंका येईल की, हा सारा अकारलोपाचाच खेळ आहे, सांधा वगैरे मानण्याची गरज काय? या शंकेचे उत्तर स्वराने आरंभ होणारे घटक देतात. 'वाहन' हा शब्द वा-हन् असा दोन अक्षरांचा. त्याला 'आत' या अर्थाचा प्रत्यय लागून 'वाहनात' झाले की अक्षरे बदलतात : वा-ह-नात्. 'हन्'मध्ये बंद झालेला 'न्' सुटून पुढच्या अक्षराचा आरंभ झाला. आता 'वाहनउद्योग' म्हणून पाहा. येथेही 'न्'पुढे स्वरच आहे. तरीही आपण 'वा-ह-नुद्-योग्' म्हणत नाही, वा-हन्-उद्-योग् म्हणतो. 'वेतनात' म्हणजे वे-त-नात्, पण 'वेतन आयोग' म्हणजे वे-तन्-आ-योग्. प्रत्यय शब्दाच्या आत शिरतो आणि अक्षरांची फेरमांडणी करतो. समासातील उत्तरपद उंबऱ्यापाशी थांबते.

हा भेद मराठीच्या लेखनातही उमटला आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. वीज-विजेचा, सूत-सुताचा, ऊस-उसाचा ही रूपे आपण शुद्धलेखनात पाठ केली आहेत. 'वीज'मध्ये ईकार बद्ध अक्षरात आहे, तेथे तो दीर्घ. 'विजेचा' म्हणताना अक्षर मुक्त होते, वि-जे-चा, आणि इकार ऱ्हस्व होतो. समासात मात्र 'वीजपुरवठा', 'सूतगिरणी', 'ऊसतोडणी' असे दीर्घच लिहितात, कारण सांध्यापाशी अक्षर बद्धच राहते : वीज्-पु-रव्-ठा, सूत्-गिर्-णी, ऊस्-तोड्-णी. ऱ्हस्वदीर्घाचा हा नियम अक्षररचनेतून समजून घेतला तर घोकंपट्टीची गरज उरत नाही.

अर्थात सांधे झिजतातही. 'फुलपाखरू' कोणी 'फूलपाखरू' असे लिहीत नाही. तो समास आता एकजीव शब्द झाला आहे. 'चार आणे'चे बोलीत 'चाराणे' झाले, तेथे 'र्' निःसंकोच उंबरा ओलांडून गेला. आणि महामंडळाच्या इंग्रजी आद्याक्षरांचे काय झाले ते या परिसरात कोणालाही विचारा. 'एम्-आय्-डी-सी' हे चार तुकडे वेगाने बोलताना 'एमायडीसी' होतात. त्याला 'त' प्रत्यय लागून 'एमायडीसीत कामाला आहे' हे वाक्य तयार होते. रोज हाताळलेल्या नाण्याचा छाप पुसट होतो, तसा रोज बोलल्या जाणाऱ्या समासाचा सांधा पुसट होतो. नव्या, अपरिचित समासाचा सांधा मात्र स्पष्ट ऐकू येतो.

४.५ संधी झालेले समास

संस्कृतातून आलेल्या समासांत पूर्वपदाचा शेवटचा स्वर आणि उत्तरपदाचा पहिला स्वर मिळून एकच स्वर होतो. अशा वेळी सांधा एखाद्या अक्षराच्या पोटात जातो. कारखान्यातील पेटीवर लिहिलेला 'प्रथमोपचार' हा शब्द घ्या. प्रथम + उपचार. उच्चारात अक्षरे पडतात प्र-थ-मोप्-चार्. यातील 'मोप्' या अक्षराचा आरंभ पहिल्या पदाचा, अंत दुसऱ्याचा आणि मधला ओकार दोघांच्या मेळातून आलेला. (ग्रामीण बोलीत 'मोप' म्हणजे पुष्कळ, त्याचा येथे संबंध नाही, पण अक्षर अर्थहीन असते आणि तरी ते एखाद्या शब्दासारखे दिसू शकते, हे यावरून लक्षात राहील.) 'कार्यालय', 'विद्यार्थी', 'ग्रामोद्योग' हे शब्द याच जातीचे. ते तयार स्वरूपात आले आणि रुळले.

परंतु मराठी भाषक स्वतः नवा समास घडवतो तेव्हा संधी करायला तो नाखूश असतो. लघु + उद्योग यांचा संस्कृत नियमाने 'लघूद्योग' होतो. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत छोट्या कारखान्याचा मालक स्वतःला 'लघुउद्योजक' म्हणवतो आणि वृत्तपत्रे 'लघुउद्योग' असेच छापतात. काही शिक्षक हे रूप अशुद्ध ठरवतात. आमच्या मते त्यात अशुद्ध काहीच नाही. 'लघूद्योग'मध्ये ल-घूद्-योग् अशी तीन अक्षरे पडतात आणि 'उद्योग' हे पद कानाआड होते. ल-घु-उद्-योग् म्हटले की दोन्ही पदे ऐकू येतात. सांधा ऐकू यावा ही मराठीची प्रकृती आहे आणि संस्कृत व्याकरणाचा नियम या प्रकृतीवर लादण्याचे कारण नाही.

याउलट एका बाबतीत संस्कृताची खूण मराठी लेखनाने मुद्दाम जपली आहे. साहित्य महामंडळाचे जे लेखननियम राज्य शासनाने १९६२ साली स्वीकारले, त्यांनुसार 'भूमी', 'कृती' हे तत्सम शब्द सुटे असताना दीर्घान्त लिहायचे. समासाचे पूर्वपद झाले की मूळचे ऱ्हस्व रूप ठेवायचे. म्हणून भूमी, पण भूमिपुत्र, भूमिसंपादन. कृती, पण कृतिसमिती. 'यमुनानगर', 'नदीपात्र' यांतील पूर्वपदे मुळातच दीर्घान्त, म्हणून तेथे बदल नाही. हा ऱ्हस्व इकार वाचकाला सांगतो की शब्द येथे संपलेला नाही, पुढे आणखी एक पद आहे. शिवार संपादनात गेले त्या गावांतील तरुण नोकरीच्या मागणीच्या निवेदनावर 'भूमिपुत्र' लिहितात, तेव्हा त्या एका वेलांटीत त्यांच्या मागणीचा आधार असतो : हा भूमीचा आणि पुत्राचा वेगवेगळा उल्लेख नसून दोहोंच्या नात्याला दिलेले एक नाव आहे.

४.६ जोडून की तोडून?

चाकणच्या रस्त्यावर 'अवजड वाहनचालक पाहिजेत' अशी जाहिरात लागली आहे, अशी कल्पना करा. अवजड कोण, वाहन की चालक? बोलताना घोटाळा होत नाही. 'अवजड वाहन' एका दमात, क्षणभर विसावा, मग 'चालक'. लेखनात मात्र 'वाहन' आणि 'चालक' चिकटले आणि 'अवजड' बाहेर राहिले, त्यामुळे धिप्पाड चालक हवे आहेत असा अर्थ निघू शकतो. 'अवजड-वाहन चालक' असे लिहिल्यास पदांची खरी बांधणी दिसते.

काही भाषांनी हा प्रश्न सक्तीने सोडवला आहे. नॉर्वेजियनमध्ये समास कितीही लांब असला तरी सलग लिहितात आणि तो तोडणे ही शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेली चूक आहे. 'लामेलोर' सलग लिहिले तर कोकराच्या मांडीचे मांस. तोडून 'लामे लोर' लिहिले तर लुळ्या पडलेल्या मांड्या. ओळीच्या शेवटी शब्द मोडायचा झाल्यास तेथे साध्या शब्दातील एक व्यंजन पुढच्या ओळीत नेतात. समास असेल तर तो प्रथम सांध्यावर मोडतात. म्हणजे आपण मराठीत कानाने ओळखला तोच उंबरा तेथे छपाईच्या नियमात आला आहे. जर्मनचीही रीत हीच, आणि तिचे उदाहरण चाकणमध्येच आहे. तेथे २००९ साली ज्या मोटारींचा कारखाना सुरू झाला, त्या 'फोक्सवॅगन'चे नाव हा एक तत्पुरुष आहे : 'फोल्क' म्हणजे लोक, 'वागन' म्हणजे गाडी, आणि मधला 'स्' हा जोडणीचा वर्ण. हा 'स्' नेहमी पूर्वपदाचे अक्षर बंद करतो, उत्तरपदाला चिकटत नाही. मराठी माणूसही जर्मन न शिकता 'फोक्स-वॅगन' असाच तोडतो. आपल्या 'घोडेस्वार' शब्दात 'घोडा'चा 'घोडे' होतो. पूर्वपद जोडणीसाठी रूप बदलते, ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

मराठीत सक्ती नाही, त्यामुळे जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. अरुंद फलकावर 'रसायनसाठा' हा शब्द एका ओळीत मावला नाही आणि रंगाऱ्याने 'रसाय-' वर ओळ मोडली, तर खालच्या ओळीत 'नसाठा' उरते. 'रसायन-' वर मोडली तर दोन्ही तुकडे अर्थासह वाचता येतात. 'कारखानदार' हा शब्द 'कार-खानदार' असा मोडू नये. 'कारखान-दार' असा मोडावा. येथील 'कार' म्हणजे फारसीतले काम आणि 'खाना' म्हणजे जागा. त्या कारखान्यात आज मोटारी बनत असल्या तरी मोटारीशी त्या 'कार'चा संबंध नाही.

ही केवळ नीटनेटकेपणाची बाब नाही. या पट्ट्यात ओडिशा, कर्नाटक, मराठवाडा अशा दूरदूरच्या भागांतून माणसे कामाला येतात. ओडिया किंवा कन्नड भाषकाच्या सवयीत शब्दान्तीचा स्वर पूर्ण उच्चारला जातो. तो देवनागरी वाचायला शिकला की 'का-म-गा-र' असे चारही स्वर म्हणतो. त्याला अकार कोठे गाळायचा हे कोणी सांगितलेले नसते, कारण मराठी भाषकाला ते सांगण्याजोगे आहे हेच ठाऊक नसते. धोक्याची सूचना त्याने मोठ्याने वाचली आणि शेजारच्याला ती कळली नाही, तर दोष वाचणाऱ्याचा मानला जातो. संगणकाच्या आवाजात मराठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्रणांपुढेही नेमकी हीच अडचण आहे : सांधा कोठे आहे हे लिपी सांगत नाही, ते शब्दसंग्रहातून शिकवावे लागते. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथापासून समासाचा विचार मराठीत विस्ताराने झाला आहे. समास शिकवताना विग्रहाच्या जोडीला उच्चार शिकवण्याची प्रथा मात्र वर्गांत अजून रुजलेली नाही.

४.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या घरापासून कामाच्या जागेपर्यंतच्या रस्त्यावरील पाट्यांमधून पंचवीस सामासिक शब्द वहीत उतरवा. स्थलनामे, कारखान्यातील सूचना आणि दुकानांची नावे या तिन्हींमधून काही शब्द असावेत. प्रत्येक शब्द दोन व्यक्तींकडून वाक्यात बोलवून घ्या. त्यांपैकी एकाची मातृभाषा मराठी नसावी. शब्द सुटा वाचायला देऊ नका, कारण सुटा शब्द वाचताना माणूस सावध होतो आणि लिपीप्रमाणे वाचतो. ऐकलेली अक्षरे आडव्या रेघांनी विभागून लिहा. जेथे दोघांच्या उच्चारांत फरक पडेल तेथे सांधा, जोडाक्षर किंवा संधी यांपैकी काय आहे ते नोंदवा. ज्या शब्दात सांधा झिजला आहे असे तुम्हांला वाटते, त्या शब्दाला प्रत्यय लावून तो पुन्हा म्हणवून घ्या आणि अक्षरे बदलली का, ते पाहा. वही पुढील संपर्कसत्राला सोबत आणा.